शर्मिलाची बारावी ग्रंथी

शर्मिला साळवे बावीस वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. कॅन्सर पसरलाय का ते कळावं म्हणून, ऑपरेशनमध्ये काढलेल्या चरबीतून बारीक लसीकाग्रंथी चाचपून शोधायच्या, हे तिचं काम. आई मार्केट यार्डात चिंच फोडायची. एक चिंचोका राहिला तरी शर्मिलाला अख्खा ढीग पुन्हा चाचपायला लावायची. सवय तिथलीच.

त्या दिवशी अंडाशयाच्या एका दुर्मीळ गाठीसोबत आलेल्या चरबीत अकरा ग्रंथी सापडल्या.

"शर्मिलाताई, पुरे आता," नवे डॉक्टर वरद म्हणाले. "ही गाठ ग्रंथींत क्वचितच पसरते."

"क्वचित ना? मग थांबा."

तिने डोळे मिटून पुन्हा चाचपलं. मुगाएवढी बारावी हाताला लागली. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर दिसला, तो त्या एकीतच.

पुढच्या रुग्णाच्या चरबीत वरदांनी स्वतः हात घातला आणि कुणी न सांगता डोळे मिटले.