डावीकडचं अर्धं फूल

भूतखेत, भास, आत्मा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाळीत कुणी म्हणालं की जिन्यावर बाई उभी दिसली, तर मी सांगायचे — जिन्यात बल्ब लावा, बाई जाईल. आजही मी घाबरून लिहीत नाहीये. घडलं ते मला सांगता येतं, का घडलं ते येत नाही... म्हणून लिहिते.

आम्ही मुंबईत घोडपदेवला राहतो. दुसरा मजला, गॅलरीतली शेवटची खोली. मी चौथीपर्यंत शिकले. सून अश्विनीने मोबाईलवर दुकान काढलंय — हाताने छापलेले उशांचे अभ्रे, पडदे, टेबलावरच्या पट्ट्या. फोटो, ऑर्डरी, पार्सल ती बघते. छापायचं काम मी आणि माझी धाकटी जाऊ शालन करायचो. शालन शेजारच्याच खोलीत राहायची. जुन्या दारावर घोंगडी अंथरून टेबल केलंय, त्यावर कापड ताणायचं, लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने ठोकायचा. काम एवढंच.

शालन डावखुरी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

उजव्या हाताचं माणूस कापडाच्या डाव्या टोकाकडून छापत जातं, नाहीतर ओल्या रंगावर हात फिरतो. ओळीत सात फुलं पुरी बसतात, आठव्याला जागा उरत नाही, ते अर्धंच येतं. माझं अर्धं फूल उजव्या टोकाला येतं. शालन उजवीकडून सुरुवात करायची, म्हणून तिचं डाव्या टोकाला. अभ्र्यांना काही फरक पडत नाही. पण गणपतीच्या चौरंगावर घालायचं वस्त्र मी तिला कधी छापू दिलं नाही. देवाच्या कापडाला डावा हात नको, आमच्या सासूबाईंनी घालून दिलेलं. मी ते पाळलं आणि तिच्यावर लादलं.

मे महिन्यात ती आजारी पडली. इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "अक्का, यंदा देवाचा एक तरी वस्त्र माका छापूक दी गो. देवाक काय डावो-उजवो हात कळता?"

मी म्हटलं, "देवाक नाय कळलो तरी गिऱ्हाइकाक कळता. आधी बरी हो."

ती हसली. "बरी झालंय तरी तू छापूक देवचंस नाय. माका माहीत आसा."

जूनमध्ये ती गेली. माझं शेवटचं धड बोलणं तेच.

ऑगस्टमध्ये फणसवाडीतल्या एका आजोबांची ऑर्डर आली. भावंडांच्या घरी मिळून सहा गणपती, म्हणून लाल जास्वंदीची सहा वस्त्रं. गणपती जवळ आलेले, छापायला बसले त्याच संध्याकाळी पार्सल जायला हवं होतं. दुपारी बारापर्यंत मी पाच छापली आणि मनगट जे सुजलं, चमचाही उचलवेना. सहावं कापड कोरंच टेबलावर ताणलेलं राहिलं. ठसा धुऊन पुसून डब्यात ठेवला. कुलूप लावून डॉक्टरकडे गेले. एक किल्ली माझ्या कनवटीला, दुसरी अश्विनीकडे, आणि ती दादरला ऑफिसात. तिसरी नाही.

साडेतीनला परत आले तर खालच्या मजल्यावरच्या कमलमावशी आपल्या दारातच उभ्या.

"काय हो, भर दुपारी किती ते ठोकायचं? जरा डोळा लागला होता माझा."

"मी घरात नव्हते."

"मग काय उंदीर ठोकत होते? दीड तास धप धप चाललंय!"

म्हटलं, बाईचं वय झालं. वर आले. कुलूप जसंच्या तसं.

सहावं कापड छापलेलं होतं. बोट लावलं तर रंग ओला. ठसा डब्यात नव्हता, धुऊन टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला होता, पाणी निथळत होतं.

आधी वाटलं, मीच छापून विसरले. मग टोक बघितलं. अर्धं फूल डावीकडे. कापड उलटं लावलं असेल म्हणून फिरवून पाहिलं, तर फुलांचे देठ वर गेले. म्हणजे कापड सरळच होतं. मी खाली बसले. रडले वगैरे नाही. पंखा लावला, कापड वाळेपर्यंत बघत बसले.

अश्विनी सहाला आली. तिला विचारलं, "दुपारी येऊन गेलीस?"

"मी कशी येणार आई? आज मिटिंग होती." मग तिचं लक्ष कापडाकडे गेलं. ती फोटो काढते, तिला न सांगता कळलं. "हे... शालनकाकूंचं जुनं कुठलं राहिलं होतं का?"

"देवाचं तिने कधी छापलंच नाही. मी छापू दिलं नाही."

ती म्हणाली, "पाच पाठवू? सहावं नंतर देऊ सांगते."

खरं सांगायचं तर तोंडावर हो आलं होतं. सासूबाई आठवल्या. मग खाटेवरचं ते हसणं आठवलं. "सहाही पाठव," म्हटलं. "आणि हे सगळ्यांत वर ठेव."

इस्त्री करून पार्सल गेलं.

विसर्जनानंतर आजोबांचा फोन आला. अश्विनीने स्पीकरवर टाकला. "वरचं वस्त्र होतं ना, ते आमच्या बाप्पाच्या चौरंगावर घातलं. बाकी पाचांचं अर्धं फूल उजवीकडे, याचं डावीकडे. आमचा मूषक डावीकडेच असतो, बरोबर त्या अर्ध्या फुलावर बसला! पुढच्या वर्षी सहाही तशीच पाठवा."

मी त्यानंतर डाव्या हाताने छापून पाहिलं. उजवीकडून सुरुवात केली. ठसा घसरतो, रंग पसरतो, ओळ वाकडी जाते. चार कापडं फुकट घालवली. आजोबांना कळवलं की ते छापणारी बाई आता नाही.

कमलमावशी अजून म्हणतात की त्या दुपारी मीच ठोकत होते. डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर वेळही आहे. कुलपाचं, ओल्या रंगाचं, कशाचंच उत्तर मला सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर सांगा, ऐकून घेईन.

देवाला डावं-उजवं कळतं की नाही, ते मला माहीत नाही. गिऱ्हाइकाला कळलं.