तान उस्तादांची जीभ

कच्चा बचनाग हृदय थांबवतो. तोच कंद दीर्घकाळ उकळला की गारठत चाललेल्या हृदयाला ऊब देतो. विष आणि औषध यांच्यामधले अंतर विस्तवाचे असते. फू नदीकाठच्या आमच्या गावात ते अंतर पुरे झाले की नाही, हे तान द-युआन ठरवत. शिजलेल्या कंदाची चकती ते जिभेवर धरत, थुंकत आणि वाट पाहत. जीभ बधिरली नाही, तरच माल वाळवणीला जाई.

या कामापायी त्यांनी तरुणपणीच तिरफळ सोडले होते. जीभ बधिर करणाऱ्या त्या तिरफळाशिवाय आमच्याकडे घास उतरत नाही. त्यांची पत्नी शूफन त्यांचा वाडगा जन्मभर वेगळा वाढत आली.

त्या दुपारी वाडगे बदलले गेले. तान शेवया संपवून उठत होते, तेव्हा शूफनने पहिला घास घेतला.

"हे तर तुझं मिळमिळीत आहे. म्हाताऱ्या, माझा वाडगा खाल्लास? मूठभर तिरफळ होतं त्यात."

"मला काही लागलं नाही."

"लागलं नाही? जीभ आहे की चपलेचा तळ?"

ती हसली. तान हसले नाहीत. त्याच सकाळी त्यांनी शिजलेल्या चकत्यांचा एक घाणा पसंत केला होता.

ते तडक बचनागाच्या कारखान्यात गेले. सकाळच्या चकत्या उन्हात पसरलेल्या होत्या. तिथली प्रमुख लान युएचिन ही त्यांचीच शिष्या.

"लान, हे परत उकळायला घे."

"उस्ताद, सकाळी तुम्हीच बरं म्हणालात. आता उकळलं तर लगदा होईल."

"मग तू चाख."

"तुमच्यामागून मी? लोक हसतील मला."

"हसू देत."

तिने चकती जिभेवर धरली, थुंकली आणि वाट पाहिली. काही वेळाने तिचे बोट ओठाकडे गेले.

"मुंग्या येतायत. थोड्याच."

"थोड्याच पुरतात."

"कधीपासून असं होतंय, उस्ताद?"

"ते मला जिभेनेच सांगितलं असतं ना."

ते बाकावर बसले. आम्ही सर्वांनी आपली निश्चिंती एका माणसाच्या तोंडात ठेवली होती, आणि ते तोंडही म्हातारे होते, याचा विचार कुणी केला नव्हता. त्यांनीही नाही.

"कोठीतला सगळा माल चाख," ते म्हणाले. "बाहेर गेलेला परत मागव. माझं नाव सांग."

लानने कढईखाली जाळ लावला.

संध्याकाळी शूफनने दोन्ही वाडग्यांत सारखेच तिरफळ घातले. तान सावकाश जेवले. कसे झाले आहे, हे तिने विचारले नाही.