मामांच्या काचेची उंची

वाऱ्याशी इतकं वैयक्तिक भांडण असलेला माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसावा. तुम्हाआम्हाला वारा लागतो, फार तर डोळ्यांत कचरा जातो, आपण डोळे चोळतो आणि विसरतो. मामा विसरत नाहीत. वाळूजच्या एका कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि कुणालाही न विचारता लांबच्या प्रवासाची एक भली थोरली मोटारसायकल घेऊन आले. बजाजनगरातल्या त्यांच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा शेजाऱ्यांचं फाटक उघडेना. मामी ओवाळायला बाहेर आल्या, त्यांनी गाडीला कुंकू लावलं आणि विचारलं, "ही तरी कारवारला नेणार, का हिच्यावर बी मंडईच?" कारवारला मामींची धाकटी बहीण दिली आहे. तिचं घर मामींनी फक्त फोनवर पाहिलेलं. मामींचा सगळा संसार मामांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर झाला. मंडई, दवाखाना, लेकरांची शाळा आणि फारच चैन म्हणजे क्रांती चौकात जाऊन उसाचा रस. त्यामुळे मामांनी छाती पुढे काढून शब्द दिला, की दिवाळी झाली की गाडीवरून कारवार. मामी त्याच आठवड्यात बहिणीसाठी कुरडयांचा डबा भरून मोकळ्या झाल्या. दिवाळी झाली, संक्रांत झाली, डबा फळीवरच राहिला, कारण मधे काच आली.

काच म्हणजे गाडीच्या पुढच्या दिव्यावर वारा अडवायला बसवलेलं पारदर्शक शील्ड. गाडीबरोबर आलेली काच वीतभर होती. मामा मामींना घेऊन पहिल्यांदा दौलताबादच्या रस्त्याला लागले, मामी मागे बसून जाताना बोलल्या, येताना बोलल्या आणि मामांना त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. आता खरं सांगायचं तर प्रेस शॉपमधल्या धडधडाटानं मामांचे कान बरेच आधी अधू केले होते. ही गोष्ट मामा सोडून सगळ्या बजाजनगरला ठाऊक होती. पण मामांचं निदान वेगळं होतं. ते मला म्हणाले, "जावईबापू, माझ्या कानाला काय धाड नाय. मी ऐकायलो, पण वारा मधीमधी बोलायलाय." आणि मग जरा खालच्या आवाजात, "उभा जन्म ही माझ्या मागं बसून बोलली. मी नुसतं हूं हूं केलं. आता कारवारपस्तोर ती काय बोलती ते समदं ऐकायचंय मला. काच बराबर बसल्याबिगर गाडी हलणार नाय." झालं. मामींचं कारवार त्या काचेला जाऊन टांगलं गेलं.

त्यानंतर मामांनी काचेच्या उंचीवर जो अभ्यास केला तो त्यांनी शाळेत केला असता तर ते कलेक्टर झाले असते, असं मामी म्हणतात. काच ठेंगणी असली की वारा हेल्मेटवर आदळतो आणि डोक्यात ढोल वाजतो. उंच असली की रस्ता काचेतून बघावा लागतो, आणि मग धूळ, चिलटं, समोरच्या ट्रकचे दिवे असं सगळं मिसळून काही म्हणता काही दिसत नाही. "काचंतून नाय बघायचं, काचंवरून बघायचं," हे वाक्य मामा इतक्या गांभीर्यानं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा परमार्थाचा उपदेश चालला आहे. काचेची वरची कड बसल्यावर बरोब्बर नाकाच्या शेंड्याला लागली पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे माणसाची उभी उंची त्यांच्या लेखी कवडीमोलाची ठरली. आमच्या एका पुतणीला पाहायला मुलाकडचे आले होते. मुलगा सहा फुटी, देखणा, इंजिनिअर. सगळे खूश. मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "हुबं ऱ्हाऊन किती ते सोडा. बसल्यावर किती भरता?" मुलाच्या वडिलांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असेल. मामांनी खिशातून टेप काढून भावी जावयाला सोफ्यावरच कंबरेपासून डोळ्यांपर्यंत मोजला आणि जाहीर केलं, "पायच लांब हायेत. काच लहानच लागंल." सोयरीक जमली, पण मुलाची आई अजून मामांना पाहिलं की पदर सावरून खुर्चीत ताठ बसते.

प्रयोग करण्यात तर त्यांना लाज म्हणून नव्हती. वारा डोळ्यांना दिसत नाही ही त्यांना निसर्गाची लबाडी वाटायची. ती उघडी पाडायला त्यांनी मामींच्या अर्धवट विणलेल्या स्वेटरची लाल लोकर उसवली, तिचे तुकडे काचेला, टाकीला, हेल्मेटला आणि स्वतःच्या जर्किनच्या खांद्यांना चिकटपट्टीनं लावले, आणि कोणता धागा कुठे फडफडतो हे बघत पंढरपूर फाट्याकडून घरापर्यंत फेऱ्या मारू लागले. गल्लीतल्या एका म्हातारीनं ही नवसाची गाडी समजून तिला हात जोडले. काचेवर पुठ्ठे चिकटवून उंची वाढवून पाहण्याचा एक काळ येऊन गेला; लग्नाच्या पत्रिकांचे जाड पुठ्ठे त्यांना फार पसंत, त्यामुळे मामांच्या गाडीवर कित्येक दिवस 'शुभविवाह' असं उलटं लिहिलेलं होतं. मामी चाचणीला यायला साफ नकार देत. "कारवारला निघाल तवा बसन. तुमच्या प्रयोगाला मी उंदीर नाय," हे त्यांचं उत्तर. मग मामींच्या जागी कोण? मामींच्या उंचीचा घरात मीच. आमच्याकडे पोरी उन्हातून गाडीवर जाताना डोक्याला, तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तसा मामींचा निळा स्कार्फ गुंडाळून मला मागे बसवण्यात आलं, कारण स्कार्फनं वारा कसा फिरतो तेही पाहायचं होतं. "बोला," मामा पुढून ओरडले. मी काय बोलणार! मी पाढे म्हणायला लागलो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तर शेजारच्या रिक्षात माझ्याच ऑफिसातले साहेब. मी तोंड फिरवलं. मामांनी मागे वळून भर चौकात विचारलं, "बोला की, लाजायले कामून?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला, घरी सगळं ठीक आहे ना, असं फार हळुवारपणे विचारलं.

काचा कापून देणारा एक पाट्या बनवणारा दुकानदार होता. नावांच्या पाट्या, दवाखान्याचे फलक असं तो ॲक्रिलिकमध्ये करायचा आणि उरलेल्या तुकड्यांतून मामांना काच कापून द्यायचा. एकदा त्यानं दिलेल्या तुकड्यावर 'दंत' एवढी अक्षरं राहून गेली होती, ती मामांनी पुसलीसुद्धा नाहीत; उंचीपुढे अक्षरांचं काय! बोटभर उंच करा, अर्धं बोट कमी करा, वरची कड जरा मागे झुकवा, असं करून मामांनी त्याचा जीव मेटाकुटीला आणला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मामू, अब नक्को कटवाओ. हवा तो हवा है, आती जाती रहती." मामांना ते पटलं नाही. हवा सरकारी असली तरी तिला शिस्त लावता येते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोनं एकदा सुचवलं, की हेल्मेटात बसवायचं बोलायचं यंत्र मिळतं, दोघांनी दोन लावा आणि निघा. मामा दुखावले. "बायको मागं हात लावंल एवढ्यावर बसलेली, आन् मी तिच्यासंगं फोनवर बोलू?" म्हणाले. इकडे कारवारच्या बहिणीचे फोन येत राहिले. आधी ती 'कधी निघता' विचारायची, मग 'निघणार आहात ना' विचारायला लागली, मग तिनं विचारायचंच सोडलं. कुरडया मामींनी एके दिवशी तळून आम्हालाच वाढल्या. मामांनी दोनदा मागून घेतल्या, छान झाल्यात म्हणाले. मामींनी ताटाकडे पाहिलं नाही. मला त्या दिवशी मामांचा खरोखर राग आला.

फाल्गुनाच्या सुमारास मामांचा फोन आला. "बसली! बराबर बसली! उद्या सकाळी करमाडपस्तोर जाऊन येऊ. हिला बी राजी केलंय." राजी कसं केलं ते मामीच जाणोत, मला वाटतं त्यांना आता या प्रकरणाचा एकदाचा निकाल हवा होता. ते दोघं मोटारसायकलवर पुढे, मी आणि बायको आमच्या कारमधून मागे, असे जालना रस्त्यानं निघालो. मामांची नवी काच उन्हात लखलखत होती. ते ताठ बसले होते, नाकाचा शेंडा बरोबर कडेला. करमाडला एका हॉटेलपाशी चहाला थांबलो. मामा हेल्मेट काढायच्या आतच बोलू लागले, "जावईबापू, समदं ऐकू यायलं! चेनीचा आवाज, टायरचा आवाज, हिच्या बांगड्यांचा आवाज!" आणि मग एकदम चेहरा पाडून मामींकडे वळले, "पण तू एक शब्द बोलली नायस. चिडलीस का?"

मामी बाकावर बसल्या. स्कार्फ सोडला, घडी घातली, पुन्हा उघडली. म्हणाल्या, "आता काय बोलू? तुम्हाला ऐकू यायलं की."

मामांना कळेना. आम्हालाही कळेना. मामी चहाच्या कपाकडे बघत बोलत राहिल्या. "घरात सासूबाई, लेकरं, तुमची कंपनीची पाळी. मला बोलाया जागा कुठं व्हती? स्कूटरवर बसलं की मी मोकळी व्हायची. तुम्हाला नावं ठेवायची, तुमच्या आईला ठेवायची. गाणं बी म्हणायची. सिग्नल लागला, गाडीचा आवाज कमी झाला, की गप बसायची. सुटला की पुढचं." माझ्या बायकोला हसू आवरेना. मामा मात्र हिशोब जुळत नसल्यासारखे बघत होते. "म्हंजी ते हिरवा झाला, चला चला करायचीस ते यासाठी?" "तर काय! सासूबाईंवरचं वाक्य अर्धं ऱ्हायलेलं असायचं." आता आम्ही सगळेच हसलो, मामीसुद्धा. मग त्या हसता हसताच म्हणाल्या, "एकदोनदा रडले बी लई. घर येईस्तोर वाळून जायचं." मामांनी कप खाली ठेवला. "कधी? कामून रडलीस?" "झालं ते. चहा निवायलाय," मामी म्हणाल्या आणि उठल्या.

परतताना मामा फार हळू गाडी चालवत होते. मामी मागे एक हात सीटच्या कडीला धरून गप्प बसल्या होत्या. इतकी मेहनत घेऊन, इतके महिने घालवून या माणसानं बायकोची एकुलती एक खोली मोडून टाकली होती, आणि तेही तिच्यावरच्या मायेपोटी. राग कुणावर धरायचा हेच मला कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बजाजनगरला गेलो तर अंगणात करवतीचा आवाज. मामांनी काच उतरवून फाटकाच्या खांबाला दाबून धरली होती आणि ते ती कापत होते. आतून मामी ओरडत होत्या, "पुन्हा कापायले! आता मेल्यावरच कारवार!" करवत चालूच राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा, बरोबर बसली होती ना?" त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, फुंकर मारली आणि मामींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "माझ्यापुरती बसली व्हती." मग काच गाडीवर धरून, बसून, उठून, पुन्हा बसून पाहिलं. कड आता हनुवटीच्याही खाली आली होती. मी विचारलं, ही कोणती उंची? ते म्हणाले, "बोलायली एवढं कळलं पायजे. काय बोलायली ते नाय."

त्यांनी त्याच आठवड्यात प्रस्थान ठेवलं. मामींनी नव्या कुरडया केल्या, डबा मामांनी स्वतः मागच्या पेटीत कपड्यांच्या मधे बसवला. मी कारनं बीड बायपासपर्यंत त्यांच्या मागे गेलो. गावातून जाताना मामी नुसत्या बसल्या होत्या. गाडीनं वेग घेतला तसा मामांच्या जर्किनमध्ये वारा भरून ते पाठीकडून फुगलं, आणि मामींचा उजवा हात हळूच वर आला. आधी एक बोट उठलं, मग सगळा पंजा. काहीतरी चांगलंच रंगात येऊन सांगणं चाललं होतं. मामा मान जराही न वळवता समोर बघत राहिले. मी गाडी कडेला घेतली आणि ते दिसेनासे होईपर्यंत थांबलो. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते, आणि मी तर काचा बंद करून बसलो होतो.

पोचल्यावर कारवारहून फोन आला. पहिल्यांदा मामी बोलल्या. त्यांचा आवाज पार बसला होता, पण बहीण, घर, अंगणातली नारळाची झाडं असं सगळं त्या एका दमात सांगत होत्या. मग फोन मामांकडे आला. वाऱ्यानं त्यांचं तोंड सोलून निघालं होतं म्हणे. मी विचारलं, "मामा, काय काय म्हणाल्या मामी रस्त्यानं?"

"कोण जाणं," म्हणाले. "पण लई दिसांचं व्हतं."