दुपारी तीननंतरची पिवळी ज्योत

ज्योत पुन्हा पिवळी झाली. तियामिकेने वहीत आकडा लिहिला, खोडला आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळी हेच पाणी याच यंत्रात घातलं होतं आणि आकडा बरोबर आला होता. दुपारी तीननंतर मात्र सगळे आकडे वर सरकायचे.

मी अमिरातीतल्या अल ऐनच्या एका विद्यापीठात लॅब टेक्नॉलॉजिस्ट आहे. मूळचा वसईचा. अल ऐन तसं शांत गाव. दुपारी एसीच्या गुणगुणीत बसलो की मला आमच्या केळीच्या वाडीत बसल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर त्या तंद्रीच्या लोभानेच मी इथे वीस वर्षं टिकलो.

तियामिके आफ्रिकेतल्या मलावीची. पीएचडी तिथल्या विद्यापीठाची, त्यातले सहा महिने आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठीच्या प्रोग्राममधून आमच्याकडे. विषय होता गावोगावच्या विहिरींतलं मीठ. सोबत आणलेली सँपल्स आमच्या नव्या मशीनवर आठवड्याभरात उरकली. प्रश्न पुढच्या उन्हाळ्यातल्या सँपल्सचा होता. आमचे प्रोफेसर डॉ. हादी म्हणाले, कुरिअरने पाठव. तिच्या आधी आलेल्या मुलाने तेच केलं होतं. त्याच्या बाटल्या कस्टम्समध्ये अडकल्या आणि पीएचडी रखडली ती रखडलीच.

तिला ते नको होतं. तिच्या डिपार्टमेंटमध्ये एक जुना फ्लेम फोटोमीटर चादरीखाली झाकून ठेवलेला होता. तो चालवणारं कुणी उरलं नव्हतं. तसाच एक आमच्या स्टोअरमध्ये धूळ खात होता. यंत्र साधं आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीत पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. पाण्यात मीठ असेल तर ज्योत पिवळी होते. जितकी पिवळी, तितकं मीठ. हे मला शिकवा, म्हणाली.

डॉ. हादींनी अट घातली. "फ्रान्सिस, जुन्या मशीनचे रीडिंग नव्याशी मॅच झाले तर मी सही करतो, पुढचं काम ती घरी करेल. नाही झाले तर खलास, कुरिअर. तिच्या फ्लाइटला तीन आठवडे आहेत."

आम्ही यंत्र खोललं. नळ्या बदलल्या, फवाऱ्याचं तोंड साफ केलं, गॅसचा दाब तपासला. तियामिके दिवे बंद करून ज्योत बघायची. अंधारात ती बोटभर निळी ज्योत आणि आम्ही दोघं. ती तिच्या गावच्या तळ्याबद्दल सांगायची. रात्री कोळी होड्यांवर कंदील लावून जातात, आणि काठावरून बघणाऱ्याला पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे सुरू झालं तेच कळत नाही. ऐकताना मी रीडिंग घ्यायचं विसरून जायचो. दोन आठवडे असेच गेले. आकडे काही जुळेनात.

फ्लाइटला पाच दिवस राहिले होते. दुपारी ती अंधारातून म्हणाली, "मिस्टर फ्रान्सिस, मी पाणी दिलेलंच नाही. तरी ज्योत पिवळी आहे. हिला हवा कुठून मिळते?"

ज्योतीला हवा पुरवतो तो कॉम्प्रेसर. त्याची धडधड मला सोसवेना, म्हणून पहिल्याच दिवशी मी तो मागच्या दाराबाहेर सावलीत ठेवला होता आणि लांब नळीने हवा आत आणली होती.

ती तडक बाहेर गेली. दुपारचा वारा सुटला होता. तिथल्या बागेला मचूळ पाणी घालतात. ते सुकलं की मातीवर पांढरा थर धरतो, आणि वारा तो उडवत नेतो. तिने कॉम्प्रेसरच्या फिल्टरवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ," एवढंच म्हणाली.

मीही चाखून पाहिलं. मग मान खाली घातली. माझ्या दुपारच्या तंद्रीपायी या मुलीचे दोन आठवडे वाया गेले होते.

फिल्टर बदलून कॉम्प्रेसर आत आणला. कानठळ्या बसायच्या, पण तीन वाजले, चार वाजले, ज्योत निळीच राहिली. डॉ. हादी कानात बोटं घालून उभे होते. दोन्ही मशीनच्या रीडिंगचे कागद शेजारी ठेवून त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला आणि सही केली.

मलावीला परत गेल्यावर तिचे फोन यायचे. नळी तुंबली, दाब उतरला. मग एक व्हिडिओ आला. चादर काढलेलं यंत्र, शेजारी दोन नवे विद्यार्थी, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात ती काय सांगत होती ते एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यानंतर फोन कमी होत गेले आणि थांबले. मला वाईट वाटलं. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे पचायला वेळ लागतो.

वर्षअखेरीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: आफ्रिकेतून टेस्टिंगसाठी आलेली सँपल्स. मी शून्य भरलं. ऑफिसातून लगेच फोन आला. "फ्रान्सिसभाई, ये प्रोग्राम बंद हो गया क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "अब जाके चालू हुआ है."