भट्टी चालू असताना दादा काय बोलला

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण बोळिंज, दादाच्या इमारतीमागची मोकळी जागा. हजर: माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांची मुलगी कॅमेऱ्यासह, अर्नाळ्याहून कोलंबी घेऊन आलेली कोळीण मावशी, आणि मी. गैरहजर कोणी नाही, कारण एवढ्याच जणांना बोलावलं होतं.

भाचीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी माहितीपट करायचा होता. विषय तिनेच निवडला: मंचुरियन आलं कुठून. चीनमध्ये ते कोणाला माहीत नाही आणि आपल्याकडे हळदीच्या मांडवातही त्याचा वेगळा काउंटर लागतो. मुंबईत जन्म काढलेल्या कुठल्याशा चिनी स्वयंपाक्याने आपल्या जिभेसाठी ते बनवलं असं म्हणतात, पण तिने ज्यांना ज्यांना विचारलं त्या प्रत्येकाचा स्वयंपाकी वेगळा निघाला. दादा तरुणपणी वाडीतलं काम सोडून मुंबईच्या एका हॉटेलात लागला, तिथे त्याचा उस्ताद कोलकात्याहून आलेला चिनी माणूस होता. त्याच्याकडून शिकून दादाने बोळिंजला स्वतःची चायनीजची गाडी लावली आणि गेल्या दिवाळीपर्यंत चालवली. उस्तादाबद्दल घरी त्याने कधी धड काही सांगितलं नव्हतं.

घाई होती ती माहितीपटाची नव्हती. येत्या गुरुवारी दादाचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ पसरल्यामुळे स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. दादाचा आवाज ठेवून घ्यायचा होता. हे दादालाही कळत होतं. बोलून मात्र कोणी दाखवलं नाही.

तयारी माझ्याकडे होती. गाडी झाकून ठेवलेली होती, ती आदल्या दिवशी पुसून घेतली. सिलिंडर भरलेला. कोबी, पातीचा कांदा, आलं-लसूण चिरून डब्यांत. कॉर्नफ्लॉर, सॉस, व्हिनेगर. दादासाठी खुर्ची, पाण्याची बाटली, औषधाची वेळ. खालच्या मजल्यावरच्यांना सांगून झालं होतं की दुपारपर्यंत इथे स्कूटर लावू नका.

आधी त्याला खुर्चीवर बसवलं. भाचीने त्याच्या शर्टाला छोटा माईक लावला. आवाज तेव्हाच बराच घोगरा झाला होता, पण शब्द कळत होते.

"पप्पा, मंचुरियन कुठून आलं?"

"गाडीवरून."

"त्याच्या आधी?"

"हॉटेलातून."

"आणि त्याच्याही आधी?"

"मला काय माहीत? मी वसईचा."

वहिनी म्हणाली, "अहो, नीट सांगा ना. पोरीचे मार्क आहेत त्यात."

"नीटच सांगतोय."

मावशी कोलंबी सोलत बसली होती. ती म्हणाली, "बोल ना रे भाऊ! एरवी माझ्याशी भाव करताना थांबत नाहीस. आज तोंडात पानी भरलंय काय?"

दादा हसला, खोकला. भाचीने सगळे प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांना हो, नाही, असेल, अशी उत्तरं दिली. शेवटी उठून म्हणाला, "बाय, भट्टी पेटव. असं बसून मला नाही जमत."

मी पेटवली. गाडीवरच्या भट्टीचा आवाज ज्याने जवळून ऐकला आहे त्याला सांगायला नको. गॅस जोरात सुटतो, ज्योत कढईच्या काठावर येते आणि शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. दादाने सवयीने टॉवेल गळ्यात टाकला. माईक टॉवेलाखाली गेला.

आणि तो बोलू लागला. लसूण टाकताना बोलला, मिरची टाकताना बोलला, कढई उचलून हलवताना बोलला. उजवीकडे दूर कुठेतरी बोट दाखवलं. एकदा मोठ्याने हसला. एकदा थांबून टॉवेलाने डोळे पुसले, ते मिरचीने की कशाने ते सांगता येणार नाही. आम्ही चौघी समोर उभ्या होतो आणि माना डोलवत होतो. गाडीवर आम्ही आयुष्यभर तेच केलं होतं. भट्टी चालू असताना दादा काही म्हणाला की मान डोलवायची, मग जे मागितलं असेल ते अंदाजाने द्यायचं. कॅमेऱ्याकडे बघून भाचीने मला अंगठा दाखवला. इतका मोकळा तो कधीच बोलला नव्हता. अशा वेळी भट्टी बंद करा म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही. तिला वाटलं माईकमध्ये येतंय. आम्हाला वाटलं तिला कळतंय.

मंचुरियन उत्तम झालं. दादाला गिळता येत नव्हतं, आम्ही खाल्लं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं.

ध्वनिमुद्रण भाचीने त्यानंतर ऐकलं. भट्टीच्या आवाजाखेरीज त्यात काही नाही. एका ठिकाणी दादाने ज्योत क्षणभर कमी केली आहे, तेवढ्यात ऐकू येतं: "घरी मात्र त्याने कधीच..." की पुन्हा भट्टी. ती ते मुंबईतल्या एका ध्वनिमिश्रण करणाऱ्याकडे घेऊन गेली, मी सोबत गेले. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं. मग सांगितलं, "तुमच्या वडिलांचा आवाज घोगरा आहे, भट्टीही त्याच पट्टीत आहे. मी भट्टी काढली की तेही जातात." त्याने काढून ऐकवलं. पडद्यावर दादा हात हलवत होता आणि ऐकू काही येत नव्हतं.

मग ओठ बघून काही कळतं का ते पाहिलं. दादाला मिशा आहेत आणि निम्मा वेळ तोंड कढईकडे आहे. वहिनी माझ्याकडे राजोडीला येऊन बसली, लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा बघत राहिली. पहिल्यांदा म्हणाली, उस्तादाच्या बायकोबद्दल बोलताहेत. दुसऱ्यांदा म्हणाली, नाही, हॉटेलच्या मालकाबद्दल. तिसऱ्यांदा म्हणाली, "मला वाटतं ते माझ्याबद्दल बोलताहेत," आणि लॅपटॉप बंद केला. ती सांगेल ते मी वहीत लिहून घेत होते, ते खोडून टाकलं.

भाचीचा माहितीपट जमा झाला. त्यात दादा कढई हलवताना दिसतो, वरून तिचा आवाज आहे. मंचुरियन नेमकं कोणी शोधलं ते सांगता येत नाही, असा शेवट केला आहे. तिला बरे मार्क मिळाले.

दादा आता मुलांची असते तशी पुसायची पाटी वापरतो. जूनमध्ये मी त्याला विचारलं, त्या दिवशी उस्तादाबद्दल काय सांगितलंस, मला लिहून हवंय. त्याने लिहिलं: सगळं सांगितलंय. कॅमेऱ्यात आहे. मी म्हटलं, तरी थोडक्यात लिही ना. त्याने आधीचं पुसलं आणि लिहिलं: एकदा सांगितलं तेच पुरे. परत नाही. आणि खाली: पूर्ण कधी दाखवणार?

"काम चालू आहे," असं मी म्हटलं.

गेल्या महिन्यातल्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली आहे. लिहिताना त्याचा हात लवकर दमतो. पाटी बहुतेक वेळा उशीजवळ कोरीच पडून असते. मी गेले की तो लॅपटॉपच्या पिशवीकडे बघतो, मी ती दाराशी ठेवते. वहिनी म्हणते तू सांग, भाची म्हणते आत्या तू सांग. आमच्या घरात अशी कामं माझ्याकडे येतात आणि मी ती करते. त्या दिवशीचं काहीच ऐकू येत नाही हे दादाला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.