बंद ओठांचा आवाज

सौंसरहून रोज बसनं पांढुर्ण्याला जायचं आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचं, असं माझं पाचवं वर्ष चाललं होतं. मी अतिथी विद्वान होते. म्हणजे दर सत्राला नव्यानं बोलावणं आलं तरच नोकरी.

दिवाळीनंतर बीए दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तो आवाज सुरू झाला. मी फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी बंद ओठांनी 'हूंऽऽ' करायचं. मग दुसरं, तिसरं. वळून पाहिलं तर सगळ्यांच्या माना वहीत.

"कोण करून राहिलं हे?" मी विचारलं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा अदबीनं उभा राहिला. "काय मॅडम? आम्हाले तर काही ऐकू नाही आलं."

उद्धटपणे बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्या अदबीची मला भीती वाटली.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की आवाज माझ्यासाठी नव्हताच. पहिल्या बाकावर मोहगावकडून येणारी एक मुलगी बसायची. आईवडील शेतमजूर. प्रश्न विचारणारी वर्गात ती एकटीच. तिनं तोंड उघडलं की आवाज चढायचा. आधी ती प्रश्न मोठ्यानं पुन्हा विचारायची. नंतर चिठ्ठीवर लिहून द्यायला लागली, आणि पुढे तेही बंद झालं. एक दिवस तिच्या शेजारच्या मुली उठून मागे गेल्या. त्या बाकावर मग कुणी बसलंच नाही.

मी विभागप्रमुखांकडे गेले. "शिवी दिली का कोणी?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग आवाजाची काय तक्रार लिहिता? तुमचं पुढच्या वर्षीचंही पाहाचं आहे."

मी तक्रार लिहिली नाही. फळ्यावर जास्त लिहायला लागले.

जानेवारीत ती यायची थांबली. हजेरीत तिचा नंबर पुकारला की अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, "नाही आली, मॅडम." आठवडाभर हे ऐकलं आणि शनिवारी मी मोहगावची बस धरली.

दारावर पंचशीलाचा झेंडा असलेलं दोन खोल्यांचं घर. तिची आई संत्र्यांच्या तोडीवर गेली होती. मुलीनंच मला पाणी दिलं आणि ती उभीच राहिली.

"परीक्षा प्रायव्हेट देईन, मॅडम."

"त्या पोरांना भिऊन?"

"त्याईले मी भेत नाही. पन तुम्हाले सगळं ऐकू येत होतं ना? तुम्ही फळ्याकडेच पाहून राहायच्या."

तिनं रिकामा पेला माझ्या हातातून घेतला.

सोमवारी मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. "ती परत येणार नाही," मी म्हणाले. "मी लेखी तक्रार दिली आहे."

मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. "कोनाच्या नावानं, मॅडम?"

"ह्या वर्गाच्या. आणि माझ्या. मी ऐकून गप्प राहिले, तेही लिहिलं आहे."

तो किंचित हसला आणि बसला. त्याच्या शेजारी दोन मोबाइल वर आले होते. माझ्याकडे रोखलेले.

दुसऱ्या दिवशी आत गेले तर पुढच्या तीन रांगा रिकाम्या. सगळे भिंतीला लागून मागे बसलेले. मी येताच एकदम उभे राहिले. "नमस्ते, मॅडम." नंतर तासभर कुणाचं पेनसुद्धा वाजलं नाही. मी लोकसभेची रचना शिकवली. पाण्याची बाटली उघडायलाही हात धजेना. सत्र संपेपर्यंत रोज असंच.

तक्रारीवर समिती नेमली गेली, पण ती कधी बसली नाही. पुढच्या सत्राचं बोलावणं मला आलं नाही. आता सौंसरमध्येच एका शाळेत शिकवते.

ती मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. तिनं मला कळवलं नाही. तिचा रोल नंबर शोधून निकाल मीच पाहिला. फोन लावावासा वाटला, पण लावला नाही.