गळ्यापर्यंत फरशी

अकोल्यातल्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवते, तिच्या आवारात कडुनिंबाची चार मोठी झाडं होती. शहरात जिथं तिथं झाडांच्या बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलेलं दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. त्याच संतापात मी एक शिल्प केलं. गळ्यापर्यंत फरशीत गाडलेला माणूस, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड वासलेलं. बाहेर आलेल्या एका हातात थापी. स्वतःला त्यानंच लिंपून घेतलेलं.

अमरावतीच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे आपल्या शाळेतच पाहिजे." मी हुरळून गेले आणि देऊन टाकलं.

दिवाळीची सुट्टी संपवून आले तर शिल्प आवाराच्या मधोमध, त्याच्या अनावरणाची तारीख ठरलेली, आणि भोवतालचं सगळं मैदान सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवलेलं. चारही निंब आवळलेले. बोटभर माती उघडी नव्हती.

"हे कोणी सांगितलं?" मी मिस्त्रीवर ओरडले.

"साहेबायनं. पाव्हण्यायच्या जोड्याले चिखल नाही लागला पायजे म्हने."

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, शिल्प कशावर आहे, ते पाहिलंत तरी का?"

"पर्यावरणावर ना? निमंत्रणपत्रिकेत छापलंय तसं."

मग मात्र माझा तोल गेला. माळ्याच्या खोलीतून पहार आणली आणि पहिल्या झाडापाशी ठोकळे उचकटायला लागले. हाताला फोड आले, ठोकळा हलेना. आमच्या शिपाईणबाई बघत होत्या.

"बाई, काहून तरास करून घेता? झाड का बोलते?"

"म्हणूनच!" मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पहार हिसकावून घेतली. "सरका. तुमच्याच्यानं नाही होत."

दोन झाडं मोकळी झाली तेवढ्यात आम्हाला थांबवलं. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून मला मेमो मिळाला. नशीब, पहार मीच चालवली असं लिहून दिल्यावर शिपाईणबाईंना कोणी हात लावला नाही.

अनावरणाला मी गेले नाही. पाहुणे निसर्गावर तासभर बोलले म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात आवळलेल्या दोनपैकी एक निंब वाळला. तो तोडला, खड्ड्यावरही ठोकळे बसवले. मी शिल्प परत मागितलं. ते आता शाळेची मालमत्ता आहे, असं उत्तर आलं. झाड कोणाची मालमत्ता होतं, हे मी लेखी विचारलं आहे. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.